शनिवारच्या सभेत कोण काय बोलले

उत्तरा गायधनी अकरा वर्षे शाळेतल्या शिक्षकसभांचे इतिवृत्त लिहीत होती, आणि त्यातले एकही तिने सभा झाल्यावर लिहिलेले नव्हते. सभा शनिवारी असे, इतिवृत्त शुक्रवारी. मुख्याध्यापक मल्हारी आहेर यांना त्यात काही वावगे वाटत नसे. आधी लिहून ठेवले की सभा भरकटत नाही, असे ते म्हणत, आणि खरोखरच त्यांची सभा कधी भरकटली नव्हती. शुक्रवारी कागदावर जे असे तेच शनिवारी घडे. विषय मांडला जाई, ‘कोणाची काही हरकत?’ असे विचारले जाई, आहेर सर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजत आणि ठराव सर्वानुमते मंजूर होई. मग वडापाव येत. सोमवारी शिपाई नाथा ते जाडजूड, पाननंबर घातलेले रजिस्टर वर्गावर्गातून फिरवी आणि बावीस शिक्षक खडूच्या बोटांनी, फळ्याकडे पाठ करून, सह्या ठोकत. वाचत कोणीही नसे. जे शुक्रवारीच ठरलेले ते सोमवारी कशाला वाचायचे?

द्वारकेच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर ही शाळा. तिच्या संस्थेच्या आणखी दोन शाळा, एक सटाण्याला आणि एक हरसूलला. संस्थेचे सचिव बाळाजी अण्णा तिन्ही शाळांना ‘आपलं कुटुंब’ म्हणत. त्यात अगदीच खोटे काही नव्हते, कारण त्यांचा सख्खा भाचा मयुरेश देवरे नाशिकच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता.

फेब्रुवारीत पर्यवेक्षकाची, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालोखालची, खुर्ची रिकामी व्हायची होती. ती सेवाज्येष्ठतेने मिळते. गेल्या वर्षीपर्यंतच्या यादीत गणिताचे रावजी भोये हे मयुरेशच्या वर होते. भोये मूळचे हरसूलच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचे. २००३ च्या जूनमध्ये ते संस्थेच्या हरसूल शाखेत लागले आणि तीन वर्षांनी नाशिकला आले. मयुरेश लागला २००५ च्या डिसेंबरात, थेट नाशिकला. यंदाची यादी उत्तराच्या हाती स्वच्छ प्रत काढायला आली तेव्हा भोयेंच्या नावापुढे २००६ साल होते. हरसूलची तीन वर्षे गायब. टंकलेखनाची चूक असावी असे समजून ती विचारायला गेली, तर आहेर सरांनी चष्मा काढून सांगितले, की हरसूल हे वेगळे युनिट आहे, तिथली सेवा इथे धरायची नाही, असे अण्णांचे मत पडले आहे. मत यंदाच कसे पडले, हे तिने विचारले नाही.

मयुरेश भोयेंपेक्षा आठ वर्षांनी लहान. तो एकदा त्या खुर्चीत बसला की पुढची मुख्याध्यापकाचीही त्याचीच, आणि भोये निवृत्तीपर्यंत त्याच्या हाताखाली तास घेणार. हे समजायला गणिताचा शिक्षक लागत नव्हता.

शिक्षकखोलीत गुरुवारी मधल्या सुट्टीत क्रांती झाली. दरवाजा आधी लावून घेतला होता. इतिहासाचे दिनेश बच्छाव टेबलावर मूठ आपटून म्हणाले, की हा अन्याय एका भोयेंवरचा नाही, उद्या तो आपल्या प्रत्येकावर होणार आहे. मूठ आपटताना त्यांनी चहाचा कप आधी बाजूला सरकवला होता, हे उत्तराने पाहिले. विज्ञानाच्या तृप्ती पाटणकर म्हणाल्या, की मी तर बोलणारच, मला कोणाच्या बापाची भीती नाही. ‘फक्त आपण’ नावाचा, मुख्याध्यापक आणि मयुरेश यांना वगळलेला, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर संध्याकाळपर्यंत वळलेल्या मुठींची एकेचाळीस चित्रे पडली.

भोये या सगळ्यात पोळीचा डबा उघडून बसले होते. ते एवढेच म्हणाले, “मी उभा राहीन. माझ्यामागं एक-दोघं उभे राहिले तरी लय झालं.”

“एक-दोघं?” बच्छाव हसले. “सर, तुम्ही फक्त सुरुवात करा. अख्खी खोली उठते की नाही बघा.”

उत्तरानेही मान डोलावली. ‘मीही बोलेन,’ असे ती स्पष्ट म्हणाली होती. तिची नोंद नेहमी पक्की असे आणि हीही तिने स्वतःपुरती पक्की ठेवली.

शुक्रवारी आहेर सरांनी मजकूर सांगायला घेतला. तिसऱ्या, सेवाज्येष्ठता यादीच्या, विषयाशी तिने पेन मिटले. अण्णा स्वतः येणार आहेत, ऐन वेळी काही घालायला सांगतील, मग खाडाखोड नको, हा विषय सभेनंतर लिहिते, असे तिने सुचवले. खाडाखोडीची आहेर सरांना फार भीती. त्यांनी होकार दिला. एवढ्या धाडसावर उत्तरा त्या दिवशी खूश होती.

शनिवारी साडेअकराला सभा सुरू झाली. अण्णा अध्यक्षस्थानी, त्यांच्या डाव्या हाताला मयुरेश, नव्या शर्टात. पहिले दोन विषय शुक्रवारी लिहिल्याप्रमाणे पार पडले. तिसऱ्याला आहेर सरांनी ‘कोणाची काही हरकत?’ म्हटले आणि ते पाचपर्यंत मोजू लागले. तिनाशी भोये उभे राहिले.

ते फार वेळ बोलले नाहीत. हरसूलच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली, शाळा तिन्ही एकाच संस्थेच्या आहेत, गेल्या वर्षीपर्यंत यादीत २००३ होते, ते कसे बदलले एवढे सांगावे, असे म्हणाले आणि उभेच राहिले.

अण्णांनी प्रतीला हात लावला नाही. आवाज न चढवता त्यांनी आहेर सरांना विचारायला सांगितले, की भोये सरांशी आणखी कोण सहमत आहे? आहेर सरांनी विचारले. मग पुन्हा एकदा विचारले.

बच्छाव सरांच्या पेनाचे टोपण त्याच क्षणी पडले आणि ते शोधायला ते टेबलाखाली गेले. तिथे ते बराच वेळ होते. तृप्तीबाईंना कोणाचा तरी फार महत्त्वाचा मेसेज आला. खेळाचे शिक्षक पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. वळलेल्या एकेचाळीस मुठींचे मालक कोणी नखे, कोणी कॅलेंडर न्याहाळू लागले. उत्तराने घड्याळ पाहिले, कारण तिला वेळ नोंदवायची सवय होती. ती मनात म्हणत होती, की कोणी एकाने सुरुवात करावी, मी दुसरी. मग तिला आठवले, की सुरुवात तर झालेलीच आहे, भोये उभेच आहेत, म्हणजे आपली पाळी दुसरीच आहे. तरी ती उठली नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तटस्थ राहायचे असते, असे एक कारण तिला सापडले. गुरुवारी ते कुठे होते कोण जाणे.

“म्हणजे तुम्ही एकटेच, भोये सर,” अण्णा म्हणाले. “बसा. पाय दुखतील.”

भोये बसले. वडापाव आले. टोपणही सापडले.

सगळे खात होते तेव्हा उत्तरा रिकाम्या वर्गात जाऊन बसली. तिला सगळ्यांची किळस आली होती आणि त्यात स्वतःला वगळायची सोय दिसत नव्हती. बोलायची वेळ तर गेली होती. राहिले होते अर्धे पान. तिने रजिस्टर उघडले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, जे झाले ते लिहिले, त्याच वळणदार, गोल अक्षरात.

‘विषय ३. सेवाज्येष्ठता यादी. श्री. रावजी भोये यांनी त्यांची हरसूल येथील जून २००३ पासूनची सेवा वगळल्याबद्दल हरकत घेतली. त्यांच्याशी आणखी कोणी सहमत आहे का, असे मुख्याध्यापकांनी दोन वेळा विचारले. कोणीही काही बोलले नाही. त्या वेळी श्री. दिनेश बच्छाव हे टेबलाखाली पेनाचे टोपण शोधत होते. श्रीमती तृप्ती पाटणकर मोबाइल पाहत होत्या. इतर शिक्षक शांत बसून होते. इतिवृत्त लिहिणाऱ्या श्रीमती उत्तरा गायधनी यांनी पाठिंबा देण्याचे आदल्या गुरुवारी कबूल केले होते. त्याही बोलल्या नाहीत. हे एकूण पन्नास सेकंद चालले. त्यानंतर अध्यक्षांनी श्री. भोये यांना बसण्यास सांगितले व यादी मान्य झाल्याचे जाहीर केले.’

तिची अटकळ होती की सोमवारी पहिल्याच सहीला बोंब होईल. ती झाली नाही. अण्णांनी गाडीत बसल्या बसल्या सही केली. आहेर सरांनी फोनवर बोलता बोलता केली. नाथा वर्गावर्गातून फिरला आणि शिक्षकांनी फळ्याकडे पाठ करून, नेहमीसारखे, आपण टेबलाखाली होतो, मोबाइलमध्ये होतो, शांत बसून होतो, यावर एकामागून एक सह्या केल्या. बच्छाव सरांनी तर सहीखाली दोन टिंबे दिली, जशी ते महत्त्वाच्या कागदांवर देत. भोयेंनी मात्र वाचले. वाचून त्यांनी सही केली, खिशातून मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला आणि रजिस्टर नाथाला परत दिले. सगळ्यात शेवटी रजिस्टर चित्रकलेच्या ज्योत्स्ना मॅडमकडे गेले. त्यांना प्रदर्शनाच्या विषयात आपले नाव आहे का ते पाहायचे होते, म्हणून त्यांनी पान वाचले. तोवर एकवीस सह्या झाल्या होत्या. सवयीने त्यांनी बाविसावी केली आणि मग किंचाळल्या.

आहेर सर रजिस्टर वाचून आधी लाल आणि मग पांढरे झाले. रागावले की त्यांच्या तोंडी सटाण्याची बोली येई. “हाई काय शे, मॅडम?” एवढेच ते म्हणू शकले. पान फाडता येईना, नंबर होते. चिकटवावे तर खाली अण्णांची सही. संध्याकाळी अण्णांनी फोनवर त्यांना शांत केले. अण्णा डोक्याने थंड माणूस. त्यांचे म्हणणे, की भाषा चमत्कारिक असली तरी मजकूर आपल्याच फायद्याचा आहे. हरकत एकाची, पाठिंबा कोणाचा नाही, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. आणखी काय हवे? मयुरेशच्या बढतीचा प्रस्ताव आहे तसा शिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊ द्या.

प्रस्ताव गेला. भोयेंचा तक्रारअर्जही गेला, फोटोसह. तो फोटो मग आणखीही कुठे कुठे गेला. भोयेंनी तो सटाणा शाखेतल्या एका मित्राला पाठवला होता, त्याने शिक्षक संघटनेच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या ग्रुपवर चारशे शिक्षक होते. संघटनेची निवडणूक तोंडावर आली होती. तालुका उपाध्यक्षपदाला दिनेश बच्छाव उभे होते, ‘निर्भीड नेतृत्व’ असे पत्रक छापून. दुसऱ्या दिवसापासून त्यांना अनोळखी नंबरांवरून पेनांच्या टोपणांचे फोटो येऊ लागले. कोणी निळे, कोणी लाल. एकाने विचारले, ‘सर, सापडलं का?’

शिक्षकखोलीत पुन्हा क्रांती झाली. या वेळी दरवाजा उघडा होता, कारण ही क्रांती उत्तराविरुद्ध होती. तिने सहकाऱ्यांची बदनामी केली, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. इतकी वर्षे खोटे लिहिले तेव्हा काही वाटले नाही, आणि आता एकदम साक्षात्कार झाला का, असे तृप्तीबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता.

“मी काय चुकीचं लिहिलं ते दाखवा,” एवढे ती म्हणाली.

“सगळंच चुकीचं,” बच्छाव म्हणाले. “मी टोपण उचलता उचलता बोललो होतो. ‘भोये सरांचं बरोबर आहे’ असं म्हटलं होतं मी. तुम्ही लिहिलं नाही.”

मग तृप्तीबाईंना आठवले, की त्याही ‘हो ना’ म्हणाल्या होत्या. खेळाचे शिक्षक म्हणाले, की पंख्याकडे बघत का होईना, आपण मान हलवली होती. चार वाजेपर्यंत एकोणीस जणांना एकोणीस वाक्ये आठवली. बच्छाव सरांनी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे निवेदन तयार केले: ‘शनिवारच्या सभेत आम्ही सर्वांनी श्री. भोये यांच्या हरकतीस स्पष्ट पाठिंबा दिला होता. इतिवृत्त लिहिणाऱ्या शिक्षिकेने तो हेतुपुरस्सर वगळला असून त्यांच्यावर कारवाई व्हावी.’ प्रत संघटनेच्या ग्रुपवर. एकोणीस सह्या झाल्या. कोणाच्या विरोधात सही करतो आहोत हे सगळ्यांनी नीट पाहिले. कोणाच्या बाजूने करतो आहोत, हे पाहायचे राहून गेले.

ते सुनावणीच्या दिवशी दिसले. शिक्षणाधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. समोर एका बाजूला अण्णा आणि आहेर सर, दुसऱ्या बाजूला भोये, आणि मागे शाळा सोडून आलेले निवेदनाचे पाच प्रतिनिधी. उत्तराला बोलावलेले नव्हते. जे झाले ते तिला नंतर नाथाने सांगितले. तो रजिस्टर घेऊन गेला होता आणि सगळे ऐकून आला होता.

बाईंनी आधी इतिवृत्त वाचले, मग निवेदन वाचले आणि बच्छाव सरांना उभे केले. म्हणजे भोयेंची सेवा २००३ पासून धरावी, असे तुम्हा एकोणीस जणांचे म्हणणे आहे तर? बच्छाव सरांनी तेव्हा पहिल्यांदा अण्णांकडे पाहिले. अण्णा त्यांच्याकडेच पाहत होते. बच्छाव म्हणाले, की तसे म्हणजे, मुद्दा इतिवृत्ताच्या भाषेचा आहे.

“सभेत तुम्ही बोललात की नाही?” बाईंनी विचारले. “नसाल बोलला, तर इतिवृत्त खरं आहे आणि तुमचं निवेदन खोटं. तसं लिहून घेऊ का?”

नाथाच्या सांगण्यानुसार बच्छाव सरांनी घाम पुसला आणि ते पुटपुटले, की बोललो होतो. मोठ्याने, असे बाई म्हणाल्या. मग ते मोठ्याने म्हणाले. मागचे चौघेही एकेक करून म्हणाले. आपल्याच मालकासमोर, सरकारी कचेरीत, भर दुपारी पाच शिक्षक एका सहकाऱ्याच्या बाजूने बोलले. शाळेच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते, आणि झाले ते टोपणाच्या लाजेपायी.

बाईंनी सांगितले, की नियम भोयेंच्या बाजूचा दिसतो आहे, सहकारीही त्यांच्या बाजूचे आहेत. पण इतिवृत्त उलटे सांगते. लिहिणाऱ्या शिक्षिकेचा लेखी खुलासा सात दिवसांत हवा. मग आदेश काढू.

त्या संध्याकाळी अण्णांनी उत्तराला संस्थेच्या कार्यालयात बोलावले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला खुर्ची आणि चहा मिळाला.

“मॅडम, तुम्ही खरं लिहिलंत,” अण्णा म्हणाले. “शब्दन् शब्द खरा. मी होतो ना तिथं. घाबरू नका, ठाम राहा. सत्याच्या पाठीशी संस्था आहे.”

ती चहा न पिता उठली. इतिवृत्त खरे होते. खुलाशात तेवढेच लिहिले तर एकोणीस जण खोटे ठरत होते, भोयेंचा पाठिंबा जात होता, आणि मयुरेशची खुर्ची पक्की होत होती. ते खोटे म्हटले तर भोयेंचे काम होत होते, आणि तिने जन्मात एकदाच लिहिलेली खरी नोंद तिच्याच सहीने खोटी ठरत होती. खोटारड्यांनी खरी बाजू घेतली होती आणि लबाडांनी सत्य. तिला कोणत्याही रांगेत उभे राहायचे नव्हते, पण दोनच रांगा होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने भोयेंना सायकल स्टँडपाशी गाठले आणि काय लिहू ते विचारले. भोयेंनी तिचे सगळे ऐकून घेतले.

“मी काय सांगू, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलल्या असत्या, तर एवढं लिहायची पाळीच नव्हती.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त लागले. ते गाडीला किक मारून निघून गेले.

खुलासा लिहायला तिला सहा दिवस लागले. शेवटी तो पाच ओळींचा झाला. ‘सभेत मला जे ऐकू आले तेवढे मी लिहिले. माझ्या एकोणीस सहकाऱ्यांनी श्री. भोये यांना पाठिंबा दिल्याचे ते लेखी सांगत आहेत. त्यांचे शब्द मला ऐकू आले नाहीत. माझ्या ऐकण्यावरून श्री. भोये यांचे नुकसान होऊ नये. मी स्वतः त्या दिवशी बोलले नाही, ते आज लिहून देते: त्यांची सेवा जून २००३ पासून आहे.’ त्यात एक अक्षर खोटे नव्हते. तिने ते तीनदा तपासले.

आदेश दहा दिवसांत आला. यादी दुरुस्त झाली, भोये पर्यवेक्षक झाले. मयुरेशने त्यांना पुष्पगुच्छ दिला, अण्णांनी ‘कुटुंबातला माणूस’ म्हणून भाषण केले. बच्छाव सरांनी ‘आम्ही एकोणीस जणांनी लढा दिला’ असा मजकूर संघटनेच्या ग्रुपवर टाकला आणि ते बत्तीस मतांनी निवडून आले.

उत्तराला आहेर सरांनी एक पत्र दिले. आपल्या लेखी खुलाशावरून आपल्याला सभेतील बोलणे ऐकू येत नसल्याचे दिसते, सबब इतिवृत्ताचे काम आपल्याकडून काढून घेण्यात येत आहे, आणि कानांच्या तपासणीचे प्रमाणपत्र पंधरा दिवसांत सादर करावे. तिने तपासणी करून घेतली. दोन्ही कान उत्तम होते. प्रमाणपत्र आहेर सरांनी न वाचता फाइलला लावले.

शिक्षकखोलीत मात्र ती बहिरी ती बहिरीच राहिली. एकोणीस जणांना ते सोयीचे होते. तिला ऐकू येत नव्हते म्हणजेच ते बोलले होते. ते तिच्याशी फार प्रेमाने, फार मोठ्याने बोलू लागले.

“मॅडम,” बच्छाव सर मधल्या सुट्टीत तिच्या कानाशी वाकून ओरडले, इतके की पलीकडच्या वर्गातली मुले दारात आली. “चहा घेणार का?”

“घेईन,” ती म्हणाली. “हळू बोला.”

“काय?” बच्छाव सर ओरडले.